तीन दांड्या आणि हॅरी फर्ग्युसन

ट्रॅक्टर समोरून सगळेच बघतात. बॉनेट, हेडलाइट, बंपरला लोंबणारी लिंबू-मिरची. कधीतरी मागच्या बाजूला जाऊन उभे राहा. खाली दोन दांड्या दिसतील आणि वर मधोमध एक. खालच्या त्या लोअर लिंक, वरची ती टॉप लिंक. नांगर असो, रोटाव्हेटर असो की पेरणीयंत्र, सगळं ह्या तीन ठिकाणीच अडकवायचं. ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा घ्या, रंग लाल घ्या, निळा घ्या, हिरवा घ्या, मागे ह्याच तीन दांड्या असतात.

ह्या तीन दांड्या ज्याच्या डोक्यातून निघाल्या त्या माणसाचं नाव मला आपल्या एकाही टेक्स्टबुकात सापडलं नाही. ऑटो आहे, डिझेल आहे, फोर्ड तर मॅनेजमेंटच्या पेपरातही येतो. हॅरी फर्ग्युसन मात्र नाही. त्याचं नाव लाखो बॉनेटवर लिहिलेलं आहे, पण ते नाव एका माणसाचं आहे हे माझ्या आजोळी कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही तीन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतं. मग एक जुना मासी फर्ग्युसन खोलायची वेळ आली, आणि नट-बोल्ट सोडवता सोडवता हा माणूस समोर येत गेला.

हॅरी फर्ग्युसन जन्मला ४ नोव्हेंबर १८८४ रोजी, आयर्लंडच्या उत्तर भागात, डाउन परगण्यातल्या ड्रोमोर गावाजवळच्या एका शेतात. अकरा भावंडांतला हा चौथा. वडील शेतकरी, अतिशय कडक आणि धार्मिक. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि हॅरी शेतात कामाला लागला. आता गंमत बघा. पुढे ज्याने जगाची शेती बदलली त्या पोराला शेतातलं काम अजिबात आवडत नव्हतं! घोड्यामागे दिवसभर चालायचं, ढेकळं तुडवायची, आणि संध्याकाळी वडिलांबरोबर वाद घालायचा, असं चाललं होतं. शेवटी १९०२ मध्ये मोठ्या भावाने त्याला बेलफास्टला आपल्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या दुकानात नेलं, आणि तिथे पोरगं एकदम खुललं. इंजिनचा आवाज ऐकून दोष सांगण्यात त्याचा हातखंडा होता म्हणे. दुकानाची जाहिरात व्हावी म्हणून तो मोटारसायकलच्या शर्यतींतही उतरायचा.

मग विमानाचं वेड लागलं. राइट बंधूंना उडून जेमतेम सहा वर्षं झाली होती. हॅरीने भावाच्या दुकानात स्वतःचं विमान बांधलं आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी, वारा सुटलेला असताना, हिल्सबरोच्या माळावर ते उडवलं. अंतर १३० यार्ड, म्हणजे साधारण १२० मीटर. आपल्या हॉस्टेलच्या गेटपासून मेसपर्यंत जेवढं चालावं लागतं तेवढंच असेल! पण आयर्लंडमध्ये उडालेलं ते पहिलं विमान, आणि पायलट होता स्वतः बांधणारा. पुढच्या वर्षी समुद्रकिनाऱ्यावर जवळजवळ तीन मैल उडून त्याने १०० पौंडांचं बक्षीसही मिळवलं. नंतर दोघा भावांचं पटेना. भावाला धंदा हवा होता आणि ह्याला उडायचं होतं. १९११ मध्ये हॅरीने स्वतःचं वेगळं गॅरेज काढलं. त्याच्याबरोबर विली सँड्स नावाचा एक मेकॅनिक होता. हे नाव लक्षात ठेवा. फर्ग्युसनची कल्पना आणि सँड्सचे हात, अशी ती जोडी बरीच वर्षं टिकली. कल्पना सुचणाऱ्याचं नाव राहतं आणि फाइल घासणाऱ्याचं जातं, हे आपल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्येही आपण बघतोच.

पहिलं महायुद्ध सुरू झालं. जहाजं बुडत होती, धान्याची टंचाई होती. १९१७ मध्ये आयर्लंडच्या शेती खात्याने फर्ग्युसनला काम दिलं, की देशभर फिरून शेतकऱ्यांकडचे ट्रॅक्टर नीट चालतात का ते बघ आणि सुधारणा सुचव. फर्ग्युसन आणि सँड्स गावोगाव फिरले. त्यांना दिसलं ते असं: ट्रॅक्टर म्हणजे लोखंडाचा घोडा, आणि त्याच्या मागे साखळीने बांधलेला तोच जुना घोड्याचा नांगर. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वजनाने जमीन दाबली जात होती. एक माणूस ट्रॅक्टरवर आणि दुसरा नांगरावर, असे दोन माणसं लागत होते. वर ट्रॅक्टरची किंमत अशी, की घोडा ठेवणाऱ्याला तो परवडू नये.

त्याच वर्षी हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर आला. हलका, स्वस्त, हजारोंनी खपणारा. पण त्याची एक भयंकर खोड होती. नांगर दगडात किंवा मुळीत अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं, आणि तो मागे उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर पडायचा. माणसं मेली. अमेरिकेत हा मोठा चर्चेचा विषय झाला होता.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ बसलो होतो. कारण हे मला माहीत होतं. आमच्या आजोळच्या मळ्यात, फलटणजवळ, २०१२ च्या उन्हाळ्यात हेच झालं. बांधावरच्या बाभळीचं खोड उपटायचं होतं. साखळी एका बाजूने खोडाला बांधली आणि दुसऱ्या बाजूने ट्रॅक्टरला, जिथे टॉप लिंक बसते त्या उंचीवर. वर बांधली की जोर जास्त लागतो असा सगळ्यांचाच समज. थोरल्या मामांनी क्लच सोडला, खोड हललं नाही, आणि ट्रॅक्टर घोड्यासारखा मागच्या चाकांवर उभा राहिला. मामा बाजूला फेकले गेले म्हणून वाचले, पण डावा पाय मडगार्डखाली आला. तो गुडघ्याखाली काढावा लागला. ट्रॅक्टर सरळ करून चिंचेखाली लावला, तो तिथेच राहिला. गाव म्हणायचं, गाडी अपशकुनी आहे. आज्जी तर त्या बाजूला बघायचीसुद्धा नाही.

खरं तर इथे शकुनाचा प्रश्न नाही, थिअरी ऑफ मशिन्सचा आहे. इंजिन मागच्या ॲक्सलला फिरवतं. चाक पुढे जाऊ शकलं नाही तर तोच टॉर्क उलटा होऊन ट्रॅक्टरचं धूड ॲक्सलभोवती मागे फिरवू बघतो. त्यात मागची ओढ ॲक्सलच्या वरून लागली की ती ह्या फिरण्याला मदत करते. पुढची चाकं उचलल्यापासून उलटेपर्यंत दोन सेकंदही लागत नाहीत. ब्रेक मारायचं सुचेपर्यंत संपलेलं असतं. ओढायचं असेल तर ॲक्सलच्या खाली, ड्रॉबारलाच बांधायचं, हे प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका गावात वाचतं कोण?

फर्ग्युसनने ह्याच जागेवर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं, की ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन यंत्रं नाहीतच. दोन्ही मिळून एक यंत्र बनवा. त्याने नांगराची चाकं काढून टाकली आणि नांगर सरळ ट्रॅक्टरलाच जोडला. आधी दोन दांड्यांची जोडणी केली, एकावर एक. ती फोर्डसनवर बसायची. पुढे तीन दांड्यांची आली. नांगराचा फाळ जमिनीत असतो तेव्हा माती त्याला खालून मागे ओढते. मग नांगराचा वरचा भाग पुढे झुकायला बघतो आणि टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे ढकलते. म्हणजे नांगर जितका अडेल तितकं ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबलं जाणार! जी ओढ माणसाला मारत होती तीच ओढ त्याला वाचवायला लावली. मला तरी ह्याच्यापेक्षा सुंदर फ्री बॉडी डायग्राम दुसरी माहीत नाही.

हे घेऊन तो १९२० मध्ये अमेरिकेत थेट हेन्री फोर्डला भेटला. फोर्डला माणूस आवडला. त्याने नोकरी देऊ केली, ती फर्ग्युसनने नाकारली. मग फोर्डने पेटंट विकत मागितली, तीही दिली नाहीत. खिशात फार पैसे नसताना जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एकाला दोनदा नाही म्हणून हा गडी परत आला. हट्टीपणाच म्हणायचा. पण तो नुसता हट्टी नव्हता. नांगर जोडला तरी खोलीचा प्रश्न सुटला नव्हता हे त्याला माहीत होतं. जमीन कधी सपाट नसते. पुढचं चाक ढेकळावर चढलं की मागचा फाळ खोल रुततो, चाक खाली गेलं की फाळ वर येतो. हे आपोआप सांभाळलं गेलं पाहिजे होतं.

उत्तर त्याला टॉप लिंकमध्येच सापडलं. १९२५ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला, १९२६ मध्ये पेटंट मिळालं. कल्पना अशी. टॉप लिंक ज्या जोराने ट्रॅक्टरला ढकलते तो जोर म्हणजेच मातीचा विरोध. त्या जोराने एक स्प्रिंग दाबू द्या. स्प्रिंगने हायड्रोलिकचा व्हॉल्व्ह हलवू द्या. फाळ खोल गेला, विरोध वाढला, स्प्रिंग दाबली, व्हॉल्व्ह उघडला, तेल आलं, लोअर लिंक जराशा उचलल्या, फाळ वर आला. विरोध कमी झाला की उलटं. कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांनी फळ्यावर काढलेला निगेटिव्ह फीडबॅकचा लूप आठवा. तो हा, लोखंडात आणि चिखलात. शिवाय लोअर लिंक नांगराला उचलून धरतात म्हणून नांगराचं आणि मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं आणि पकड वाढते. म्हणजे अवजड ट्रॅक्टरची गरजच संपली. आणि फाळ एकदम दगडाला थडकला तर तेल सुटतं, चाकांवरचं जादा वजन जातं आणि चाकं नुसती जागेवर फिरतात. काही उलटत नाही.

आता चिंचेखालचा ट्रॅक्टर. मासी फर्ग्युसन १०३५, तीन सिलिंडर. मद्रासच्या टॅफे कंपनीने १९६० पासून मासी फर्ग्युसनबरोबर भागीदारीत आपल्याकडे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, त्या घराण्यातला. २०२३ च्या दिवाळीत भंगारवाला आला आणि त्याने ३५ हजार सांगितले. धाकटे मामा द्यायला तयार होते. मी म्हटलं, मला द्या, मी आणि माझे मित्र सुट्टीत खोलून बघतो. धाकट्या मामांनी थोरल्यांकडे बघितलं. थोरले बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बघा, पण साखळी बांधायची नाही. एवढंच.

रूम नंबर न सांगता सांगतो, आमच्या रूममधले चौघं आणि शेजारचा एक इलेक्ट्रिकलवाला, असे पाच जण गेलो. पहिल्या दिवशी एअर क्लीनर उघडला तर आत गांधीलमाश्यांचं पोळं! इंजिन ठार जाम होतं. उभ्या सायलेन्सरवर डबा पालथा घालायचा असतो, तो कुणी घातला नव्हता. बारा पावसाळ्यांचं पाणी सायलेन्सरमधून उतरून, जो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता तिथून मधल्या सिलिंडरमध्ये गेलं होतं. नोझल काढून डिझेल आणि ऑइल ओतून आठ दिवस वाट पाहिली, हललं नाही. हेड उतरवलं. मधला पिस्टन लायनरला असा चिकटला होता की खालून लाकडी ठोकळा लावून हातोडीने काढावा लागला. तीन लायनर, तीन पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट. पंप-नोझल तालुक्याला टाकले. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून बसली होती, ट्रॅक्टर मधून दोन तुकडे करून ती सोडवली. गावातल्या मिस्त्रींनी हे सगळं आम्हाला करू दिलं आणि स्वतः खाटेवर बसून फक्त शिव्या दिल्या. त्या शिव्यांत जेवढं शिकलो तेवढं दोन सेमिस्टरच्या वर्कशॉपमध्ये शिकलो नव्हतो, हे प्राध्यापकांची क्षमा मागून लिहितो.

दुसऱ्या सुट्टीत, म्हणजे २०२४ च्या मे महिन्यात इंजिन सुरू झालं. आवाज गावभर गेला. आज्जी घरात गेली. पण लिफ्ट उठेना. आणि लिफ्ट उठत नाही तर तो फर्ग्युसन कसला!

इथे परत थोडं मागे जावं लागेल. पेटंट मिळालं तरी फर्ग्युसनला ट्रॅक्टर बनवून देणारा कुणी मिळेना. शेवटी त्याने बेलफास्टला स्वतःच एक ट्रॅक्टर बांधला, १९३३ मध्ये पुरा झाला. काळा रंग दिला म्हणून तो ब्लॅक ट्रॅक्टर. आज लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. त्यात हायड्रोलिकने छळलं. व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे, म्हणजे तेल बाहेर पडण्याच्या बाजूला होता. पंप सारखा दाब देत राहायचा, तेल तापायचं, लिफ्ट झटके द्यायची. मग व्हॉल्व्ह उचलून तेल ओढण्याच्या बाजूला नेला. तोंडच बंद केलं की पंप काही ओढत नाही, दाब नाही, तापणं नाही. एवढासा बदल. पण सगळं जुळलं ते ह्यामुळे. १९३६ मध्ये यॉर्कशायरच्या डेव्हिड ब्राउन कंपनीने त्याचा ट्रॅक्टर बनवायला घेतला. साधारण १३५० बनले, आणि मग ब्राउनशीही वाद झाला. ब्राउनला जास्त ताकदीचा ट्रॅक्टर हवा होता, फर्ग्युसन एक स्क्रू बदलू देईना. ह्या माणसाबरोबर काम करणं सोपं नव्हतं, हे त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही लिहून ठेवलंय. टेबलावरचं पुस्तक तिरकं असलं तरी त्याला चालत नसे.

आमच्या १०३५ चा पंपही सीटखाली, मागच्या तेलात बुडालेला. तो काढायचा म्हणजे वरचं लिफ्टचं झाकण चेन पुलीने उचलायचं आणि मागून पीटीओ शाफ्ट ओढून काढायचा. तेल सोडलं तर आधी तांब्याभर पाणी आलं आणि मग ताकासारखं पांढरं काहीतरी. पंपात चार छोटे पिस्टन, आणि एका कडेला तो व्हॉल्व्ह. ओढण्याच्या बाजूला! मी मिस्त्रींना सांगायला लागलो की हा बदल बेलफास्टमध्ये कसा झाला. ते म्हणाले, आधी हा अडकलाय तो सोडव. अडकलेला होता खरा. रात्रभर डिझेलमध्ये ठेवून, बारीक पॉलिश पेपरने पुसून सोडवला. टॉप लिंकच्या मागची ती स्प्रिंग बघितली तर रबरी बूट फाटून पाणी गेलेलं, सगळी गंजलेली आणि ढिली. स्प्रिंगला पुढेमागे ढिलाई असली की मातीचा जोर व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. गावात कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं, कारण सीटच्या उजवीकडे दोन लिव्हर असतात, त्यातला एकच, उचल-ठेव करायचा, सगळे वापरतात. दुसरा ड्राफ्टचा. ज्या लिव्हरसाठी फर्ग्युसनने आयुष्य घातलं तो आमच्याकडे पिशवी अडकवायला कामाला येतो.

पुढचा भाग सिनेमात शोभेल असा आहे. ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन परत अमेरिकेत गेला, हेन्री फोर्डच्या घरच्या शेतावर. नांगरून दाखवलं. मग शेतातच टेबल-खुर्च्या मांडल्या. फर्ग्युसनने चावीचं एक खेळण्यातलं ट्रॅक्टरचं मॉडेल टेबलावर चालवून तीन दांड्यांचं गणित समजावलं. दोघांनी हात मिळवले. कागद नाही, वकील नाही, साक्षीदार नाही. फोर्डने ट्रॅक्टर बनवायचा, फर्ग्युसनने विकायचा आणि डिझाइन सांभाळायचं. कुणालाही कधीही कारण न देता बाहेर पडता येईल. जून १९३९ मध्ये ९एन नावाचा ट्रॅक्टर बाजारात आला आणि १९४७ पर्यंत तीन लाखांहून जास्त बनले.

पण म्हातारा फोर्ड १९४५ मध्ये बाजूला झाला. नातू आला, त्याने हिशेब पाहिला तर ट्रॅक्टरमध्ये कंपनीला तोटा. त्याने करार संपवला, आणि तीच हायड्रोलिक, त्याच तीन दांड्या घेऊन स्वतःचा नवा ट्रॅक्टर स्वतःच विकायला लागला. फर्ग्युसनच्या अमेरिकेतल्या कंपनीकडे विकायला काही उरलं नाही. १९४८ मध्ये त्याने फोर्डवर २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा लावला. चार वर्षं खटला चालला. १९५२ मध्ये तडजोड झाली, ९२ लाख ५० हजार डॉलर, पेटंट वापरल्याबद्दल. शिवाय ओढण्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह वापरणं फोर्डने बंद करायचं. मागितलं त्याच्या चार टक्केही नाही. पण फर्ग्युसन हा स्वतःचा विजय मानायचा. माझं मत विचाराल तर, शेकहँडवर धंदा करणारे दोघेही वेडे होते, आणि त्या वेडामुळे तीन लाख शेतकऱ्यांना ट्रॅक्टर मिळाला. कागद केला असता तर वकिलांनी चार ओळींतच तो मोडून टाकला असता.

तोवर इंग्लंडमध्ये त्याचं बस्तान बसलं होतं. कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात स्टँडर्ड मोटर कंपनी त्याच्यासाठी १९४६ पासून टीई-२० बनवत होती. करड्या रंगाचा, बुटका, साधारण ११०० किलोचा. दहा वर्षांत ५ लाख १७ हजारांवर बनले. त्याच्याबरोबर एक पाना मिळायचा. बहुतेक नट त्या एकाच पान्याने निघायचे, आणि पान्यावर इंचाच्या खुणा असायच्या, म्हणजे नांगराचं माप घ्यायला वेगळी पट्टी नको. स्टार्टर गिअरच्या दांडीवर होता, म्हणजे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चुकूनही सुरू होणार नाही. हे असलं मला फार आवडतं. तेनसिंगबरोबर एव्हरेस्ट चढलेल्या हिलरीने ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुव गाठला तो ह्याच टीई-२० वर, चाकांना पट्टे चढवून. शेतात नांगरायचा ट्रॅक्टर दक्षिण ध्रुवावर!

१९५३ मध्ये फर्ग्युसनने आपली कंपनी कॅनडाच्या मासी-हॅरिसमध्ये विलीन केली. किमतीत १० लाख डॉलरचा वाद उरला. फर्ग्युसन म्हणाला, नाणं उडवू. उडवलं, आणि तो हरला! ते नाणं पुढे मासीवाल्यांनी चांदीच्या सिगार बॉक्सवर बसवून त्याला भेट दिलं. वर्षभरात तिथेही भांडण होऊन तो बाहेर पडला. नाव तेवढं राहिलं, मासी फर्ग्युसन.

त्यानंतर त्याने चारही चाकांना ताकद देणाऱ्या सुरक्षित मोटारीचं काम हाती घेतलं. गाड्या घसरतात, उलटतात, हे त्याला सहन होत नव्हतं. पण एकही मोठी कंपनी ती बनवायला तयार होईना. झोप लागत नव्हती, नैराश्य होतं. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधल्या ॲबट्सवूड इथल्या राहत्या घरी तो गेला. झोपेच्या औषधाचा डोस जास्त झाला होता. तो चुकून की जाणूनबुजून, ह्याचा निर्णय चौकशीत उघडाच ठेवला गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीची चारचाकी ताकदीची पी-९९ ही रेसिंग कार स्टर्लिंग मॉसने ओल्टन पार्कला ओल्या रस्त्यावर जिंकून दाखवली. फॉर्म्युला वनच्या गाड्यांत चारही चाकं ओढणारी दुसरी कुठली गाडी त्यानंतर जिंकलेली नाही.

आमचा ट्रॅक्टर २०२४ च्या दिवाळीत शेतात उतरला. नवी स्प्रिंग घातली होती, ढिलाई काढली होती, दोन फाळांचा नांगर लावला होता. धाकटे मामा चालवायला बसले. मी मिस्त्रींना विनंती करून ड्राफ्टचा लिव्हर बसवून घेतला. काळ्या रानात पहिलं तास धरलं तसं मी नांगराच्या मागून वाकून चालत होतो. लोअर लिंक सारख्या हलत होत्या. बोटभर वर, बोटभर खाली. जिथे जमीन कडक तिथे वर, जिथे भुसभुशीत तिथे खाली. कुणी लिव्हरला हात लावत नव्हतं. थोरले मामा कुबडी घेऊन बांधावर उभे होते. मधल्या तासाला फाळ कशालातरी जोरात थडकला. बहुतेक जुनी मुळी असावी. माझं काळीज हललं. मागची चाकं जागेवर भर्रकन फिरली, माती उडाली, आणि ट्रॅक्टर तसाच उभा राहिला, चारही चाकं जमिनीला.

थोरले मामा कुबडी टेकत आत आले. नांगर उचलायला लावला. टॉप लिंकला हात लावून बघितला, मग त्या स्प्रिंगला. हे कशासाठी, म्हणून विचारलं. मी फर्ग्युसनचं सगळं सांगितलं, फोर्डसनचंही. त्यांनी ऐकून घेतलं. मग साखळी त्या दिवशी नेमकी कुठे बांधली होती ते मला बोट लावून दाखवलं, आणि कुठे बांधायला हवी होती ते विचारलं. मी ड्रॉबार दाखवला. जेमतेम दोन फुटांचं अंतर होतं.

आतापर्यंत ४१ हजार लागले. त्यातले अर्धे मामांचे, बाकीचे आम्ही पाच जणांनी मेसचं बिल लांबवून काढले. मडगार्ड अजून चेपलेलं आहे, डावा ब्रेक धरत नाही, आणि बॉनेट सध्या आमच्या वर्कशॉपच्या मागे घासायला आणून ठेवलंय. रंगावरून रूममध्ये भांडण चालू आहे. मला टीई-२० सारखा करडा द्यायचाय. थोरल्या मामांनी निरोप धाडलाय, की लाल होता, लालच द्या, आणि मडगार्डचा पोचा काढू नका.